तारेच्या आतली हवा

आमच्या दुकानात एकच नियम आहे. तो मी गिऱ्हाइकांना, नवऱ्याला, दिराला ऐकवलाय आणि उद्या प्रत्यक्ष देव कॅमेरा घेऊन आला तरी त्यालाही ऐकवीन: आधी हवा, मग कपडा. काचेवर धूळ दिसली की लोकांचा हात सरळ शर्टाच्या टोकाकडे जातो. पुसलं की झालं, असं त्यांना वाटतं. धुळीत एखादा बारीक खडा असतो, तो कपड्याखाली फिरतो आणि काचेवर कायमचा ओरखडा उठतो. मग येतात माझ्याकडे तोंड पाडून. "ताई, हे जाईल ना?" नाही जाणार. आधी हवा मारून धूळ उडवायला काय हात दुखत होते?

ही हवा मारायला मुठीएवढा रबरी फुगा असतो. पुढे बारीक नळी, दाबला की फुस्स. माझी लेक बोलायला लागली तेव्हापासून आमच्याकडे त्याचं नावच फुस्स पडलं. लेकीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती झोपेतसुद्धा एका जागी राहत नाही. दुकानात भिंगं आणि घरात भिंगरी, असं नवरा म्हणतो. तो वर्षातला बराचसा काळ जहाजावर असतो, म्हणून त्याला असले विनोद सुचतात. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीला लागून माझं टेबल, टेबलावर दिवा, खिळ्याला टांगलेली फुस्स, आणि मी दिवसभर लोकांच्या कॅमेऱ्यांची पोटं उघडून बसलेली.

दीर वरच्या मजल्यावर राहतो. फोटोग्राफर आहे. एका साप्ताहिकाने त्याला तारेच्या आत जायला सांगितलं तेव्हा तो असा नाचत खाली आला, जसं काही लग्नच ठरलंय.

तारेच्या आत म्हणजे जुन्या अणुवीज केंद्राभोवतीचा बंद भाग. केंद्र फुटलं तेव्हा तिथलं गाव एका दिवसात उठलं आणि परत कुणी गेलं नाही. आता परवाना काढून थोड्या वेळापुरतं आत सोडतात. मी हे ऐकलं आणि घाबरले. पण मी घाबरले की गप्प बसत नाही, कामाला लागते. जे जाऊन आले होते त्यांना फोन केले, मिळेल ते वाचलं, आणि दिराला समोर बसवलं.

"भाऊजी, नीट ऐका. किरणं कॅमेऱ्यात साठून राहत नाहीत. त्याची काळजी नको. राहते ती धूळ. ती बुटाला चिकटते, पट्ट्याला चिकटते, कॅमेऱ्याच्या फटीत जाऊन बसते आणि तुमच्याबरोबर घरी येते. आपलं भांडण धुळीशी आहे."

"म्हणजे तुमच्याच ओळखीतली निघाली," तो म्हणाला.

दोन कॅमेरे दिले, दोन्हीवर लेन्स आधीच चढवलेली, म्हणजे आत काही उघडायला नको. प्रत्येक लेन्सपुढे साधी काच, बाहेर आल्यावर फेकून द्यायची. कॅमेरे प्लास्टिकमध्ये गुंडाळले, बटणांपुरती जागा चाचपता येईल एवढं सैल ठेवलं, आणि फटीफटीवर चिकटपट्टी मारली. कापडी पट्टे काढून नायलॉनची दोरी बांधली. तिकाटण्याच्या तिन्ही पायांना पिशव्या चढवल्या. अंगात एकदाच वापरायचा पांढरा झगा, तोंडाला मास्क, हातात दुहेरी मोजे. कॅमेरा जमिनीवर टेकवायचा नाही, गुडघा टेकायचा नाही, भिंतीला पाठ लावायची नाही, आत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, आणि शेवाळाच्या आसपास फिरकायचं नाही, कारण शेवाळ सगळं धरून ठेवतं.

"आणि श्वास?" दिराने विचारलं. "तो घेतला तर चालेल ना वहिनी?"

"मास्कमधून. आणि बेताने."

लोक दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात. मी दूध गॅसवर चढायच्या आधीच फुंकायला लागते. नवरा म्हणतो, तुझ्या या स्वभावापायी घरात कुणाला सुखाने आजारी पडता येत नाही. म्हणू दे. बॅग मी स्वतः भरली, बाहेरचा प्रत्येक कप्पा उघडून पाहिला. कडेच्या कप्प्यात फुस्स होती. दिराचं बाहेर काम निघालं की तो ती खिळ्यावरून काढून तिथेच ठेवतो. दिसली, आणि मी कप्पा बंद केला. पुसायचे कपडे ओले करून घ्या म्हणून बजावणारी मी, फुस्सबद्दल एक शब्द बोलले नाही. आमच्या धंद्यातल्या माणसाला फुस्स ही वस्तू वाटतच नाही. आपण बाहेर निघताना बोटं मोजतो का?

तो परत आला तो अनवाणी. बाहेर पडताना फाटकावर यंत्राने किरणं मोजतात, त्यात एक बूट टिकटिकला, म्हणून तो तिथेच ठेवून घेतला, आणि एका बुटात फिरण्यापेक्षा बरं म्हणून यानेच दुसराही देऊन टाकला. बाकी सगळं पास. कॅमेरे पास, बॅग पास, माणूस पास. मला इतका आनंद झाला की मी त्याला दारात उभं करून भरपूर ओरडले.

मागच्या अंगणात मी हातमोजे आणि मास्क घालून सगळं सोडवलं. भिंगरीला घरात कोंडलं होतं. ती खिडकीच्या काचेला नाक लावून बघत होती. प्लास्टिक आतल्या बाजूला घडी घालत उतरवलं, दोरी, पुढच्या काचा, पिशव्या, सगळं एका जाड पिशवीत बांधलं आणि मोजणीच्या कार्यालयात पोचवायला दिराच्या हवाली केलं. कॅमेऱ्यांवरून ओला कपडा फिरवला. बॅगवरून फिरवला. फुस्सवरूनही फिरवला आणि तिला नेऊन खिळ्याला टांगली. रात्री अंथरुणावर पडले तेव्हा मनात म्हटलं, बाई, तुझ्यासारखी तूच.

मधे काही दिवस गेले. माझं काम चालू होतं. एक म्हातारे गृहस्थ जुना कॅमेरा घेऊन आले, एका लग्नवाल्या फोटोग्राफरच्या तीन लेन्स आल्या. हवा मार, पूस, हवा मार, पूस. एके दिवशी दुपारी दीर फोटो दाखवायला खाली आला. माझ्या टेबलाशी स्टूल ओढून बसला आणि एकेक फोटो पडद्यावर सरकवू लागला. फोटो चांगले होते, हे मी त्याच्या तोंडावर सांगणार नव्हते. न्हाव्याचं दुकान होतं. खुर्ची आरशाकडे वळलेली, आरशावर धुळीचा जाड थर, आणि खुर्चीच्या हातावर घडी घातलेला टॉवेल. जणू गिऱ्हाईक आत्ता उठून गेलंय.

"हा जरा धुरकट आलाय," मी म्हटलं.

"तो आधीचा. छप्पर गेलंय ना तिथलं, वाऱ्याने भुरभुर धूळ पडत होती वरून. लेन्सच्या पुढच्या काचेवर पांढरा थरच बसला. आता हा बघा पुढचा. कसा लख्ख?" तो खुशीत येऊन माझ्याकडे वळला. "आणि वहिनी, शपथ घेऊन सांगतो, तिथेसुद्धा नियम मोडला नाही. आधी हवा, मग कपडा."

मी हसले. खरंच हसले. शिकवणीचं चीज झालं असं वाटलं. मग ते हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं.

"हवा कशाने मारलीत?"

"कशाने म्हणजे? फुस्सने."

फुगा दाबला की हवा बाहेर जाते. सोडला की परत फुगतो. तो कशाने फुगतो? समोर जी हवा असेल ती ओढून. तिथे तर त्याने आधी काचेवरची धूळ उडवली आणि त्याच धुळीत नळी धरून फुगा सोडला, पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. धुळीचे घोट भरत राहिला तो फुगा. फाटकावर त्यांनी त्याला बाहेरून मोजलं, मी त्याला बाहेरून पुसलं. आणि मग या टेबलावर बसून मी रोज तो दाबत होते.

"अहो पण पास झाली ना ती," दीर म्हणाला. माझ्याकडे बघून त्याचा आवाज खाली आला. "वहिनी?"

मी खिळ्याकडे बघितलं. खिळा रिकामा होता.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. टेबलाखाली वाकलेलं आठवतं. खण उपसलेले आठवतात. "हळू, हळू," असं दीर म्हणत होता आणि मला त्याचा संताप येत होता, कारण हळू कशाला म्हणतात ते माझे हात विसरले होते. आतली खोली, पलंगाखाली, खेळण्यांची टोपली. भिंगरी कुठेय? भिंगरी घरात नव्हती. आणि मला एकदम कळलं की दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी सापडणार आहेत.

ती जिन्यात होती. मधल्या पायरीवर तिने केस कापायचं दुकान मांडलं होतं. तीन बाहुल्या ओळीने बसवलेल्या, गळ्यात रुमाल, आणि ही बाई मागे उभी राहून त्यांचे केस वाळवत होती. फुस्स. फुस्स.

"खाली ठेव ती!"

तिने दचकून फुस्स टाकली. ती एक पायरी घरंगळली.

"कुणाकुणावर मारलीस? तुझ्या तोंडावर मारलीस? बोल!"

"नाही."

"खरं सांग!"

"कुठेच नाही मारली," ती म्हणाली आणि हात पाठीमागे लपवले. समोर तीन बाहुल्यांचे केस उभे. मी अशा आवाजात विचारल्यावर कुठलं लेकरू खरं सांगेल? मला हे कळत होतं आणि तरी माझा आवाज खाली येत नव्हता.

दीर तिच्याखालच्या पायरीवर बसला. "काय हो बाई, माझे पण केस वाळवता का?" त्याने विचारलं. "नेहमीची गिऱ्हाइकं कोण तुमची?"

तिने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. बाहुल्या. मग स्वतःची झुलपं. मग कान, कारण गुदगुल्या होतात. "आणि तोंडात," ती हळूच म्हणाली. "थंड लागतं."

पायाखालची वाळू सरकते म्हणतात ना, तसलं काही झालं नाही. जिना होता तिथेच होता. मी सगळं अगदी स्पष्ट बघत होते, तिच्या खालच्या ओठाला लागलेला रंगीत खडूसुद्धा. मी म्हटलं, "भाऊजी, फुस्स आणि बाहुल्या मी भरते. तुम्ही हिला धुवा. मी तिला हात लावत नाही." हे बरोबर होतं. ज्याने घाण उचलली त्याने मूल उचलायचं नाही. त्याने तिला वर नेऊन नळाखाली धरलं, तोंड धुतलं, चुळा भरायला लावल्या, कपडे बदलले. मी पिशवीत पिशवी घालून गाठी मारत राहिले. वरून तिचं रडणं ऐकू येत होतं, "आई पाहिजे," आणि मी गाठीवर गाठ मारत होते.

गाडी दिराने चालवली. पिशवी मागे डिकीत. मी पुढे बसले, ती मागे एकटी. सिग्नलला तिने पुढे वाकून माझ्या खांद्याला हात लावायला बघितलं.

"मागे बस. नीट मागे टेकून."

"आई, बाहुल्या पिशवीत गुदमरतील."

"नाही गुदमरणार."

रस्त्यावर सगळे लोक सावकाश चालले होते. एक माणूस रस्ता ओलांडताना मधेच थांबून फोनवर हसत होता. त्याने माझं काय घोडं मारलं होतं? पण मला वाटलं, उतरावं आणि त्याला दोन द्याव्यात.

मोजणीच्या कार्यालयातला माणूस सर्दीने बेजार होता आणि आमच्यावर नाराज होता. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. मी जे सांगितलं ते त्याने मला दोनदा सांगायला लावलं. "हवेचा फुगा?" तो म्हणाला. "आत कशाला न्यायचा फुगा? आत झटकायचं नसतं, फुंकायचं नसतं. ओल्याने टिपायचं, एवढंच."

"चुकलं," मी म्हटलं. हा शब्द मी सहसा वापरत नाही. दीर माझ्याकडे बघतच राहिला.

त्याने फुस्स काचेच्या पेटीत ठेवली आणि यंत्र फिरवलं. रबरावर काही नाही. नळीच्या तोंडाशी थोडी टिकटिक. मग त्याने पेटीच्या बाजूला बसवलेल्या रबरी मोज्यांत हात घालून फुगा उभा चिरला, पेरूसारख्या दोन फोडी केल्या आणि यंत्र आतल्या अंगाला नेलं. यंत्र घाईने टिकटिकायला लागलं.

"फार नाहीये," तो नाक पुसत म्हणाला. "घाबरण्याइतकी नाही. पण घरात ठेवण्याइतकीही नाही. मुलीला आणा."

हात, नखं, केस, कानामागे. यंत्र गप्प. नाकात कापसाची काडी फिरवली, ती मोजली. गप्प. जीभ बाहेर काढ म्हटल्यावर तिने त्याला भरपूर जीभ दाखवली. गप्प. "आता पोटातलं," तो म्हणाला. त्यासाठी शेजारी जाड भिंतींची छोटी खोली होती, आत एकच खुर्ची. खुर्चीत मूल एकटं बसवायचं, दार लावायचं, आणि यंत्राचं संपेपर्यंत मुलाने हलायचं नाही. हलली तर पुन्हा पहिल्यापासून.

माझ्या भिंगरीने हलायचं नाही! मी काचेच्या झरोक्यातून बघत होते. ती बसली, लगेच पाय हलवले, मान वळवली, खुर्चीचा हात खरवडला. यंत्रवाल्याने सुस्कारा सोडला आणि बटण बंद केलं. दीर भिंतीवरच्या माईकशी गेला.

"बाईसाहेब, मी फोटो काढतोय बरं का. जुन्या कॅमेऱ्याने. फार वेळ लागतो त्याला. हललात तर तुमची दोन नाकं येतील."

ती थिजल्यासारखी बसली. हनुवटी वर, दोन्ही हात मांडीवर, डोळे सताड उघडे. हे ध्यान जन्मल्यापासून इतका वेळ स्थिर बसलं नव्हतं. मी बाहेर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते, पदराचं टोक नाही म्हणून कामाच्या अंगरख्याची बाही पिळत होते. पडद्यावर एक रेघ सरकत होती. ती सपाट असणं चांगलं की वाईट, हे विचारायचा धीर मला होत नव्हता. समज, ती वर उठली तर? मग जहाजावर फोन करून मी काय सांगू? तुझ्या बायकोने सगळ्या जगाला शहाणपण शिकवलं आणि पोरीच्या तोंडात ती धूळ घातली?

"काही नाही," तो माणूस म्हणाला. "स्वच्छ आहे पोरगी. आतून बाहेरून."

"नक्की?"

"बाई, यंत्र म्हणतंय."

दिराने तोंड दोन्ही हातांनी झाकलं. माझा जीव भांड्यात पडला, पण तो पडतोय तोवर दार उघडलं होतं आणि भिंगरी हात पसरून धावत सुटली होती, सरळ माझ्याकडे. "आई, मी हललेच नाही!"

आणि मी बघितलं की अंगात माझा कामाचा अंगरखा आहे. ज्यात मी रोज बसून फुस्स दाबत होते, तोच. मला अजून कुणी मोजलंच नव्हतं.

"हात लावू नकोस! लांब हो! लांब हो म्हणते ना!"

इतक्या जोरात मी आयुष्यात ओरडले नव्हते. वर हातही पुढे केला, तिला अडवायला. ती जागच्या जागी थांबली, इतकी अचानक की तोल गेला आणि ती खाली बसली. दिराने तिला उचललं. ती रडलीसुद्धा नाही.

मला मोजलं. अंगरख्याच्या छातीवर टिकटिक. उजव्या बाहीवर टिकटिक. केसांत, पुढच्या बाजूला, अगदी थोडी. म्हणजे हे लेकरू रोज रात्री जिथे तोंड खुपसून झोपतं, तिथेच. अंगरखा त्यांनी काढून घेतला. एका बाईने मला आत नेऊन बसवलं, मान मागे करून केस धुतले, पुन्हा धुतले. पुन्हा यंत्र फिरवलं. गप्प. माझीही पाळी त्या खुर्चीत आली, तेही निभावलं. दुकान बंद ठेवा, आमची माणसं येऊन टेबल आणि गिऱ्हाइकांचे कॅमेरे तपासतील, असं सांगून त्यांनी मला कागदी झगा दिला आणि सोडलं.

मी ओल्या केसांनी बाहेर आले. आता मोकळी होते. आता तिला छातीशी धरायचं आणि सोडायचं नाही, एवढंच मनात होतं. बाकावर दीर नव्हता. बोळाच्या टोकाला हात धुवायची जागा होती, तिथे तो उभा होता.

"केव्हाचा सांगतोय," तो हळू आवाजात म्हणाला. "ऐकतच नाहीये."

भिंगरी बेसिनपाशी चवड्यांवर उभी राहून हात धूत होती. साबण लावत होती, चोळत होती, पाण्याखाली धरत होती, मग पुन्हा साबण. बोटं लालबुंद झाली होती. मला बघितल्यावर तिने धुण्याचा वेग वाढवला.

"थांब हं आई, थोडंच राहिलंय. मग घेशील?"

मी नळ बंद केला आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले. म्हटलं, "तू नाही गं राणी. तू स्वच्छच होतीस. मी मळलेली होते."

तिच्या हातांवरून पाणी ठिबकत होतं.

"मग मला का ओरडलीस?"

मी तिचे ओले हात धरून माझ्या तोंडावर ठेवले.